लाल लोकरीची गाठ

३ जुलै

हिशेबाची वही वेगळी, ही वेगळी. हिच्यात कुणाचं येणं-देणं लिहायचं नाही असं ठरवून आणली आहे. माझा नवरा आब्दोन गेल्यापासून संध्याकाळी बोलायला कुणी नसतं, आणि एकटीने पुटपुटत बसलं की समोरचा फिदेल दुकानातून बघून हसतो. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

आज पाटी पुन्हा रंगवून घेतली. गेल्या पावसाळ्यात अक्षरं पार उडाली होती. पांढऱ्यावर निळी, दुरूनही वाचता येतील अशी: ‘न वापरलेल्या सामानाचं भाडं पूर्ण परत. गाठ शाबूत हवी.’ अख्ख्या वारास गावात असं लिहायची छाती दुसऱ्या कुणाची नाही. फिदेलकडे तर सामान दाराबाहेर गेलं की वापरलं, मग तुम्ही शिखरावर जा नाहीतर खाटेवर तापाने फणफणत पडा. दरवर्षी सुट्टीत त्याच्या दारात राजधानीतून, लिमाहून आलेल्यांची भांडणं. माझ्या दारात कधी झालं नाही.

माझी रीत सरळ आहे. बुटांचे काटे आणि बर्फाच्या कुऱ्हाडी सुट्या. दोर, कमरेचे पट्टे, कड्या हे सगळं एका पोत्यात. पोत्याच्या तोंडाला मी माझ्या हाताने लाल लोकर बांधते. ती गाठ सासूबाईंनी शिकवलेली, दुसऱ्या कुणाला येत नाही. गाठ तशीच परत आली म्हणजे पोतं उघडलं नाही, म्हणजे पैसे परत. वाद नाही, साक्षीपुरावे नाहीत.

माझा धर्मपुत्र निलो आजच गिऱ्हाइकाला शिखराकडे नेऊन खाली आला. त्याचं पोतं तसंच. वर हवा बिघडली म्हणाला. बिचारा. पैसे मोजून दिले, वर दोन पाव दिले. तो गेल्यावर फिदेल रस्त्यापलीकडून म्हणाला, “दोन्या एर्मिनिया, बाईसाहेब, तुमच्याच गिऱ्हाइकांच्या वाट्याला एवढी वाईट हवा कशी हो येते?” मी म्हटलं, देवाला विचार. जळतो मेला.

९ जुलै

देल्फिना डोंगरावरून बटाटे घेऊन आली. निलोची आई, माझी कोमाद्रे. निलोला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरला होता, त्याची माद्रिना, धर्माची आई झाले; तेव्हापासून ती आणि तिचा नवरा एलादिओ माझे कोमाद्रे-कोम्पाद्रे. पण देल्फिना त्याही आधीची. आम्ही दोघी लहानपणी एकाच कुरणात मेंढ्या राखायचो. मी शाळेत गेले, ती गेली नाही, एवढाच फरक.

दुपारभर बसली. निलो घरामागे एक खोली काढतोय, लग्नासाठी. भिंती झाल्या, आता छपराचे पत्रे घेतोय, मोसमात जमतील तसे. तिच्या डोळ्यांत काय आनंद होता. म्हणाली, “तुझ्यामुळे गं. तू त्याला सामान भाड्याने देतेस म्हणून तो गाइडचं काम करू शकतो.” मी म्हटलं, माझा मुलगा नाही का तो? मला मूल झालं नाही त्याची खंत आता इतकी राहिलेली नाही, हे तिला सांगितलं नाही, पण इथे लिहिते.

१६ जुलै

निलो पुन्हा तसाच परत. या मोसमातली चौथी खेप. पोतं जसंच्या तसं, दोराला माझ्या घडीसुद्धा मोडलेल्या नाहीत. एवढं जपून सामान आणणारा पोरगा मी पाहिला नाही.

नाक आणि गाल उन्हाने असे भाजलेत की साल निघायला आली आहे. हवा वाईट असली तरी ढगांतून ऊन लागतंच म्हणे. मी मलम दिलं आणि रागावले. म्हटलं, दर वेळी अर्ध्यातून परतायचं म्हणजे गिऱ्हाईक काय म्हणत असेल? तो हसला. “गिऱ्हाईक खूश असतं, माद्रिना. तुम्ही काळजी करू नका.” गुणी आहे. आब्दोनला वर जाताना मी कधी अडवलं नाही, पण स्वतः बर्फावर कधी गेले नाही, त्यामुळे तिथलं मला काय कळतं? तो म्हणेल ते खरं.

२५ जुलै

पाय दुखून आलेत. देशाच्या वाढदिवसाची सुट्टी म्हणजे लिमा अख्खी इथे उलटते. सकाळपासून पोती बांधतेय, बोटांना लोकरीचे वळ उठलेत.

निलो दुपारी दोघांना घेऊन आला. भाऊ-बहीण. बहिणीचं लिमात औषधांचं दुकान आहे, नाव मिलाग्रोस. भाऊ रेन्सो, बडबड्या, आरशात बघून टोपी घालणारा. परवा निघून कासाराहूच्या पायथ्याशी तंबू, दुसऱ्या पहाटे शिखर. सोपं शिखर आहे, शाळेतली पोरंसुद्धा जातात.

ती बाई चौकस. दोर किती जुना आहे, कधी तपासलात, असं विचारत होती. मला लागलंच ते. म्हटलं, बाई, सव्वीस वर्षं दुकान आहे, माझ्या दोराने आजवर कुणाला दगा दिलेला नाही. निलोने तिच्यामागे उभं राहून मला डोळा मारला, म्हणजे जाऊ द्या, लिमावाली आहे.

पावती निलोच्या नावावर. इथले सगळे पोरगे तसंच करतात: गिऱ्हाइकाला सगळं मिळून एक आकडा सांगायचा, त्यातून गाडी, खेचर, जेवण, सामान. वाचलं ते त्यांचं. मला काय, सही कुणाची का असेना.

२८ जुलै

झेंडे, बँड, शाळेची पोरं कवायत करत गेली. दिवसभर लख्ख ऊन. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून चौकात भाजलेलं डुकराचं मांस खाल्लं, एकटीने.

२९ जुलै

निलो गेला.

काल सकाळी कासाराहूच्या वरच्या बर्फातल्या भेगेत. डोंगर-पोलिसांचा माणूस सांगायला आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला बूट घालून देत होते. ती दोघं भावंडं सुखरूप आहेत म्हणाला. मी त्याला दोनदा विचारलं, कुठला निलो. तो म्हणाला, हामांका. एलादिओ हामांकाचा मुलगा.

३० जुलै

त्याला खाली आणला. मी इस्पितळाच्या मागच्या दाराशी उभी होते. देल्फिनाने मला मिठी मारली आणि सोडेचना. तिच्या अंगाला चुलीच्या धुराचा वास येत होता. एलादिओ भिंतीला टेकून बसला होता, कुणाशी बोलला नाही. मी खांद्यावर हात ठेवला तर त्याने तो हळूच काढून खाली ठेवला.

बाजारात बोलतात, दोर तुटला. एर्मिनियाचा दोर कुजका होता. फिदेलच्या दुकानापुढे चार जण उभे होते, मी बाहेर आले तसे गप्प झाले. मी मनातल्या मनात तो दोर हातातून सरकवून पाहतेय, वाव वाव करून. कुठे विरलेला होता का? दोन मोसमांपूर्वीचा आहे. मी तपासला होता. तपासला होता ना? देवा, माझा दोर नसू दे.

३१ जुलै

खेचरवाल्याने सामान आणलं. कुऱ्हाडी, काटे, तंबू, आणि पोतं.

गाठ शाबूत होती.

मी दुकानाच्या मधोमध जमिनीवर बसले आणि रडले. लाज वाटते लिहायला, पण ते रडणं निलोसाठी नव्हतं. दोर तुटला नाही. दोर पोत्यातून बाहेरच आला नाही. पोत्यावरून हात फिरवून पाहिलं: पट्टे घडीत, कड्या एकीत एक अडकवलेल्या, मी ठेवल्या तशा. आता कुणाची काय टाप आहे बोलायची. पोतं उचलून फिदेलच्या दारात नेलं आणि त्याला हात लावून बघायला लावलं. त्याने गाठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली. म्हणाला, “हो दोन्या, दिसतंय.” एवढंच. एरवी तोंडाचा पट्टा चालू असतो.

मग लक्षात आलं की रीतीप्रमाणे हे पैसे निलोचे आहेत. पावती त्याच्या नावाची, गाठ शाबूत. मेलेल्या माणसाचे पैसे खाणाऱ्यातली मी नाही. उद्या कोम्पाद्रेच्या हातात देईन. पाकीट आणलं, वर त्याचं पूर्ण नाव लिहिलं.

१ ऑगस्ट

दुपारी वर गेले. घर माणसांनी भरलेलं. मधल्या खोलीत निलो, डोक्याशी आणि पायाशी मेणबत्त्या. भिंतीला टेकून त्याच्या बरोबरीचे पोरगे, सगळे गाइडचं काम करणारे, सगळे माझी गिऱ्हाइकं. चघळायला कोकाची पानं फिरत होती. ओसरीवर बायका सूप ढवळत होत्या.

सगळ्यांसमोरच द्यायचं मी ठरवलं होतं. कुजक्या दोराची कुजबुज त्या खोलीतही पोचली असणार, ती तिथेच मिटवायची होती. मी एलादिओसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “कोम्पाद्रे, निलोने नेलेलं पोतं परत आलं. गाठ तशीच आहे, दोर उघडलासुद्धा नाही. माझ्याकडे नियम सगळ्यांना सारखा. हे त्याचं भाडं.” आणि पाकीट पुढे केलं.

 भिंतीकडच्या पोरांनी माना खाली घातल्या. एक जण उठून बाहेर गेला. मला वाटलं, माझ्या खरेपणाने त्यांना भरून आलं.

एलादिओ जमिनीकडे बघत म्हणाला, “राहू द्या, कोमाद्रे.”

मी म्हटलं, राहू कसं द्या? त्याचेच आहेत. या मोसमात चार वेळा त्याने स्वतः येऊन नेलेत, ही पाचवी. मला वाटलं, एवढं सांगितलं की त्यांना कळेल, मी काही उपकार करत नाही, त्याच्या हक्काचं देतेय.

तेव्हा देल्फिना निलोच्या पायाशी बसली होती तिथून म्हणाली, “म्हणजे त्याने दोर बांधलाच नव्हता?”

मी म्हटलं, नाही ना. तेच तर सांगतेय. माझ्या दोराचा काही संबंध नाही.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. मी पाकीट मेणबत्तीजवळ ठेवून आले.

२ ऑगस्ट

पुरलं. मी सगळ्यांच्या मागे चालत होते. पुढे व्हायचा प्रयत्न केला तर बायका एकमेकींना चिकटून चालायला लागल्या, मध्ये वाट राहिली नाही. माद्रिना म्हणून मूठभर माती मी टाकायची होती, ती कुणीतरी आधीच टाकली. काल बोलले ते वेळेला धरून नव्हतं का? असेल. पण खोटं तर नव्हतं. लोकांना पैशांचा विषय मयताच्या घरी खुपतो, मला कळायला हवं होतं. देल्फिनाचा राग दोन दिवसांत उतरेल.

४ ऑगस्ट

मिलाग्रोस आली. मी तिला आधी ओळखलंच नाही, ओठ फुटलेले, डोळ्यांखाली काळं. साक्ष द्यायला थांबली होती, आज रात्रीच्या बसने लिमाला जाणार. भाऊ खोलीतून बाहेर पडत नाही म्हणाली.

मला वाटलं काही मागायला आली असेल. मी पुढे होऊनच सांगितलं, पावती निलोच्या नावावर होती, पैसे त्याच्या घरी पोचवलेत.

तिने पाटीकडे बोट केलं. “ती खरी आहे तर.”

मी म्हटलं, अर्थात खरी. सगळं गाव जाणतं.

मग तिने सांगितलं. तिने सांगितलं तसंच लिहितेय, काही गाळत नाही. बर्फ सुरू होतं तिथे ती थांबली आणि निलोला म्हणाली, आता बांधायचं ना आपण एकमेकांना? पुस्तकात वाचून आली होती. निलो म्हणाला, वाट पक्की आहे, गरज नाही. ती हट्टाला पेटली. तेव्हा तो हसून म्हणाला, “ताई, गाठ सुटली की माझे पैसे गेले. खाली माझी माद्रिना बसली आहे, तिच्या गाठीला हात लावायचा नसतो. आम्ही कुणीच लावत नाही.” भाऊ म्हणाला, चल गं, तो रोज येतो इथे. मग ती गप्प बसली. निलो पोतं पाठीवर घेऊन पुढे चालत होता, भेगेवरचा बर्फ काठीने ठोकून बघत. तिसऱ्या भेगेवरचा बर्फाचा पूल खचला. तो खाली गेला, पाठीवरचं पोतं कडेला अडकून त्याचा खांद्याचा पट्टा तुटला आणि ते वरच राहिलं. ती म्हणाली, पंधरा हात खाली होता, जिवंत होता, अर्धा तास बोलत होता. वरून टाकायला हातात काही नव्हतं, कारण पोत्याची गाठ—

मी विचारलं, पोतं वर होतं ना? मग उघडायचं की. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “उघडली नाही आमच्याच्याने. हातमोजे काढले, दातांनी ओढली. कुऱ्हाडीचं टोक गाठीत शिरेना, आणि पोतं फाडावं तर आतला दोर तुटेल ही भीती. सुरी त्याच्या खिशात होती, खाली. लोकर ओली होऊन गोठली होती.”

मला बसायला स्टूल सापडेना. ती गेली तेव्हा मी काय म्हणाले ते आठवत नाही.

नंतर पोतं पुन्हा काढलं. गाठीच्या एका बाजूला लोकर पिंजलेली आहे. मी त्या दिवशी ती पाहिली होती. खेचराने घासलं असेल असं वाटलं होतं.

५ ऑगस्ट

आज ठरवलं होतं काही मोजायचं नाही, तरी मोसमाची नोंदवही काढली. जून-जुलै मिळून एकोणीस पोती गाठीसकट परत आलीत. एकोणीस वेळा मीच माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘हवा खराब’. त्यातल्या कित्येक तारखांना मी अंगणात चादरी वाळत घातल्या होत्या. मला आठवतं.

फिदेलला माहीत होतं. वारासमधल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. मलाच तेवढं नव्हतं, की मलाही होतं आणि मी बघत नव्हते? 

आब्दोनचा या पाटीला विरोध होता. आम्ही त्यावर महिनाभर भांडलो. तो म्हणायचा, “पैसे भरलेत म्हणून तरी बांधतील, बये. परत मिळतात म्हटल्यावर कोण बांधेल?” मी त्याला कवडीचुंबक म्हटलं. तो आजारी पडला, मी दुकान हातात घेतलं आणि त्याच आठवड्यात पाटी लावली. गिऱ्हाईक दुप्पट झालं, तेव्हा अंथरुणाजवळ बसून ते त्याला सांगितलंही, हिणवून.

पाटी काढायला हवी. दोनदा शिडी लावली. काढली तर गाव म्हणेल, बघा, कबूल केलं. सहा पोती अजून वर आहेत. उद्या काढते.

६ ऑगस्ट

मी काढायच्या आत देल्फिना आली.

ती दुकानात शिरली नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि फिदेलला हाक मारली. म्हणाली, मला वाचता येत नाही, ते काय लिहिलंय ते वाचून दाखवा. फिदेलने नको नको केलं. तिने ऐकलं नाही. त्याने खालच्या आवाजात वाचलं. ती म्हणाली, मोठ्याने. त्याने मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, पुन्हा. माणसं जमली होती. फिदेलने पुन्हा वाचलं, आणि गेली इतकी वर्षं ज्याचा मी रोज मनात उद्धार केला तो फिदेल माझ्याकडे केविलवाणा बघत होता.

“हे तू लिहिलंस?” देल्फिना मला म्हणाली.

“हो.”

“गाठ तूच मारलीस?”

“हो गं.”

“इतकी घट्ट?”

त्या दिवशी गर्दी होती, पंचवीस तारीख होती, सैल गाठी वाटेत सुटतात आणि मग भांडणं होतात म्हणून मी गुडघा लावून आवळली होती.  ती म्हणाली, “माझ्या हाताने तुझ्या मांडीवर दिला होता त्याला.” मग थुंकली, माझ्यावर नाही, उंबऱ्यावर. आणि चालत डोंगराच्या वाटेला लागली, बसची वाटही पाहिली नाही.

पाटी फिदेलने उतरवली. मी सांगितलं नव्हतं. मी आत सगळ्या पोत्यांच्या गाठी कात्रीने कापत होते, तोवर त्याने ती भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती.

संध्याकाळी एलादिओचा निरोप आला. उद्या पुरल्यापासूनचा पाचवा दिवस, रीतीप्रमाणे निलोचे कपडे नदीवर धुवायचे; माद्रिनाने यावं. लवकर, बायका उतरायच्या आत.

७ ऑगस्ट

हे लिहावं की नाही या विचारात दिवस गेला. लिहिते आणि मग वही चुलीत घालायची का ते बघते.

नदीवर पोचले तेव्हा एलादिओ एकटाच होता. गाठोडं सोडून कपडे दगडावर मांडलेले. दोन सदरे, विजार, लोकरी टोपी, कांबळं. पाणी असं गार की बोटं पहिल्यांदा दुखली आणि मग नाहीशीच झाली.  तो कांबळं चोपत होता, मी सदऱ्याची कॉलर चोळत होते. मीच सुरुवात केली. म्हटलं, कोम्पाद्रे, मी आंधळी होते, मला शिक्षा काय ती तुम्ही सांगा. दुकान विकते, निघून जाते.

तो चोपायचा थांबला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “पहिल्या वर्षापासून. त्याने येऊन सांगितलं तेव्हा मी हसलो होतो, शाबास म्हटलं होतं.”

मी सदऱ्याची बाही पाण्यात बुडवली.

“निघायच्या आदल्या दिवशी त्याने मला विचारलं, कोमाद्रे. म्हणाला, बाबा, यंदा बर्फ बरं नाही, वरचे पूल पातळ झालेत, आणि ती बाई घाबरट आहे. या खेपेला सोडू का पोत्याची गाठ? मी शेतात होतो. मान वर न करता म्हटलं, चार पत्रे राहिलेत रे, आणि पावसाळा येतोय.”

“मग?”

“मग बरं म्हणाला. तेवढंच. बरं.”

मला काय वाटलं ते खरं लिहायचं तर, आधी हलकं वाटलं. माझ्या छातीवरचा धोंडा कुणीतरी एका बाजूने उचलला. मी एकटी नव्हते. त्याच्याबद्दल कणव येण्याआधी मला हे वाटलं, त्याची मला किळस येते. आणि लगोलग राग आला. काल रस्त्यात मी एकटी उभी होते तेव्हा हा माणूस घरात बसला होता.

त्याने ते ओळखलं असावं. हातातलं कांबळं खाली ठेवून तो माझ्यासमोर वाकला, मोठा माणूस, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. “देल्फिनाला सांगू नका. मी मागतो तुमच्याकडे. तिला तुमचा राग करू द्या. तुमचा राग करते म्हणून ती सकाळी उठते, चूल पेटवते, मला जेवायला वाढते. माझं कळलं तर ती कुणाच्या घरी जाईल? तिला दुसरं घर नाही. तुमचंच एक होतं.”

मी म्हटलं, आणि मला दुसरी कोण आहे?

 तो पुन्हा कांबळं चोपायला लागला, पण हातात जोर नव्हता, नुसतं पाणी उडत होतं. मी सदरा पिळला. देल्फिनाची आणि माझी पन्नास वर्षं. कुरणात आमच्या दोघींत एकच घोंगडी होती, ती मी माझ्याकडे ओढायचे आणि ती भांडायची नाही. मी एक शब्द बोलले तर आज ती माझ्या शेजारी बसून रडेल, आणि तो तिच्या दृष्टीने मरेल. नाही बोलले तर ती त्याच्याजवळ राहील. मी कितीदा तरी तोंडात वाक्य जुळवलं.

वरून बायका उतरताना दिसल्या. देल्फिना सगळ्यांत पुढे, राखेची टोपली घेऊन. तिने मला पाहिलं आणि पायऱ्यांवरच थबकली, मग सरळ आमच्यापाशी आली. नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“दोघं काय बोलत होता?”

एलादिओचे हात पाण्यातच राहिले.

“माफी मागत होते मी,” मी म्हणाले.

“झाली मागून?”

“हो.”

“मग तो सदरा ठेव. आणि पुन्हा माझ्या पोराच्या कुठल्याही वस्तूला हात लावू नकोस.”

मी सदरा दगडावर ठेवला, ओल्या हातांनी पदरासारखी शाल अंगाभोवती घेतली आणि वर चढायला लागले. बायकांनी या वेळी वाट दिली. मागे एलादिओ कुणाला तरी म्हणाला, पाणी फार गार आहे, आणि मग देल्फिनाचा आवाज आला, त्याला म्हणत होती, तुम्ही बाजूला व्हा, तुमचे हात बघा काय झालेत, द्या इकडे, मी धुते.